तबकडीचे कुलूप आणि ग्राहकाच्या हातातील किल्ली

१ मे २००७. वाचकांनी सुचविलेल्या बातम्या त्यांच्याच मतांनुसार वर-खाली लावणाऱ्या 'डिग' या अमेरिकी संकेतस्थळाचे पहिले पान त्या दिवशी एकाच आकड्याने भरून गेले. शून्य-नऊ-एफ-नऊ अशी सुरुवात असलेला, ३२ चिन्हांचा तो मजकूर वरकरणी अगदी निरर्थक होता. चालकांनी तो पुसला, टाकणाऱ्यांची खाती बंद केली. पण एक नोंद पुसावी तर दहा नव्या उगवत होत्या. अखेर त्या रात्री संस्थापक केविन रोझ यांनी माघार घेतली आणि यापुढे हा आकडा पुसला जाणार नाही, असे जाहीर केले. पुढच्या काही दिवसांत तो टी-शर्टांवर छापला गेला, चाल लावून गायला गेला. कोणी त्याचे रंगांत रूपांतर करून पाच पट्ट्यांचा झेंडाही तयार केला.

तो आकडा म्हणजे एक किल्ली होती. हॉलिवूडने आपल्या हाय-डेफिनिशन चित्रपटांच्या तबकड्यांना जे कुलूप लावले होते, त्याची. जगातील आठ बलाढ्य कंपन्यांनी कित्येक वर्षे खपून घडविलेले हे कुलूप बाजारात येऊन जेमतेम वर्ष उलटले होते, तोच त्याची किल्ली लोकांच्या सदऱ्यावर झळकू लागली. हे कसे घडले आणि त्यानंतरही ते कुलूप मोडीत का निघाले नाही, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

चित्रपट कंपन्यांची धास्ती अनाठायी नव्हती. आपल्याकडे चालणाऱ्या डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार ठिपके असतात. हाय-डेफिनिशन चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणे एकवीस लाखांच्या आसपास, बरोबर पाचपट. अशा तबकडीची नक्कल म्हणजे घरात बसून चित्रपटगृहाच्या तोडीचे चित्र. पूर्वीच्या व्हिडिओ कॅसेटची नक्कल मूळ प्रतीपेक्षा फिकी निघत असे आणि नकलेची नक्कल तर पाहवतही नसे. डिजिटल नकलेला ही झीज नाही. हजारावी प्रतही पहिलीसारखीच. त्यात डीव्हीडीचा अनुभव ताजा होता.

डीव्हीडीला १९९६ साली 'सीएसएस' नावाचे कुलूप बसविण्यात आले. त्याची किल्ली ४० बिटांची होती, म्हणजे शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो. संगणकाला तो तेव्हाही फारसा मोठा नव्हता. शिवाय कुलपाची रचना गुप्त ठेवणे हाच सुरक्षेचा मुख्य आधार मानला गेला होता. १९९९ साली एका कंपनीच्या संगणकीय प्लेअरमध्ये किल्ली पुरेशी न झाकता ठेवलेली आढळली आणि त्यातून 'डी-सीएसएस' ही छोटीशी आज्ञावली जन्मली. तिच्याशी नाव जोडले गेलेला यॉन लेक योहानसन हा नॉर्वेतील मुलगा तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला झाला. जानेवारी २००३ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या संगणकावर पाहणे हा गुन्हा नव्हे, असा त्याचा मथितार्थ होता.

फुटलेली किल्ली रद्द का केली नाही, हा प्रश्न साहजिक आहे. सीएसएसमध्ये प्लेअरच्या किल्ल्या सुमारे चारशेच होत्या आणि एकेक किल्ली लक्षावधी यंत्रांत वाटलेली होती. एक रद्द करायची तर लाखो घरांतील प्लेअर बंद पाडायचे. तेवढे धाडस कोणी करणार नव्हते. आणि एव्हाना रचनेतील कच्चे दुवेही जगजाहीर झाले होते, त्यामुळे किल्लीवाचूनही कुलूप उघडता येऊ लागले होते.

येथे मूळ अडचण लक्षात घ्यायला हवी, कारण पुढची सारी कथा तिच्याभोवतीच फिरते. कूटशास्त्राचा नेहमीचा प्रश्न असा असतो : एकाने दुसऱ्याला निरोप पाठवायचा आणि तो वाटेतल्या तिसऱ्याला कळता कामा नये. बँकेचा व्यवहार, सैन्याचा संदेश, सारे याच चौकटीतले. चित्रपटाच्या तबकडीत मात्र दुसरा आणि तिसरा ही एकच व्यक्ती असते. ग्राहकाला चित्रपट दिसला पाहिजे, म्हणून किल्ली त्याच्या घरात पोहोचवावी लागते; आणि त्याने नक्कल करू नये, म्हणून तीच किल्ली त्याच्यापासून लपवावी लागते. कपाट घरी आणून ठेवायचे, किल्लीही त्याच कपाटामागे खिळ्याला अडकवायची आणि मागे डोकावू नका, असे बजावायचे, तशातला हा प्रकार. गणित कितीही पक्के असले, तरी या गोष्टीला त्याचा इलाज नाही.

नव्या कुलपाच्या कर्त्यांना याची पूर्ण जाणीव होती, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. डिस्ने, वॉर्नर ब्रदर्स, सोनी, तोशिबा, मात्सुशिता, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम या आठ कंपन्यांनी मिळून 'एएसीएस' ही पद्धत आखली. एप्रिल २००५ मध्ये तिचे तपशील चक्क जाहीर करण्यात आले. गुप्ततेवर विसंबण्याची चूक पुन्हा केली नाही. कुलपासाठी अमेरिकी सरकारने मान्य केलेली 'एईएस' ही खुली पद्धत निवडली गेली आणि किल्ली १२८ बिटांची ठेवली गेली. तिच्या शक्यता लिहायच्या तर ३९ अंकी संख्या होते. एकेक शक्यता तपासून ती शोधणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्यातले नाही; आणि कोणी शोधलीही नाही. चोरी झाली ती दुसऱ्या वाटेने.

एएसीएसची खरी करामत किल्लीच्या लांबीत नव्हती, ती किल्ली रद्द करण्याच्या सोयीत होती. जगातील सर्व प्लेअर एका विराट वंशवृक्षाच्या टोकाची पाने आहेत, अशी कल्पना करावी. प्रत्येक पानाला आपल्या घराण्यातील पूर्वजांशी नाते सांगणारा किल्ल्यांचा एक संच मिळतो. प्रत्येक तबकडीवर एक कोष्टक छापलेले असते आणि त्यात चित्रपटाकडे नेणारी मुख्य किल्ली निरनिराळ्या शाखांसाठी निरनिराळ्या प्रकारे कूटबद्ध करून ठेवलेली असते. उद्या एखाद्या प्लेअरचा संच फुटला, तर त्यानंतरच्या तबकड्यांवरील कोष्टक असे बदलायचे, की 'अमुक आजोबांची सारी नातवंडे, फक्त तमुक काकांचे घर वगळून' एवढ्यांनाच ती किल्ली काढता यावी. फुटलेला प्लेअर जुने चित्रपट दाखवीत राहील, नव्यांपुढे मात्र मुका होईल. या कल्पनेमागचे गणित २००१ साली मोनी नाओर, दालित नाओर आणि जेफ्री लॉट्सपीच या संशोधकांनी मांडले होते आणि ते खरोखरच देखणे आहे.

थोडक्यात, हे कुलूप अभेद्य असल्याचा दावा मुळात नव्हताच. ते फुटेल, हे गृहीत धरून ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करता यावे, अशी ही योजना होती. प्रश्न एवढाच होता, की दुरुस्तीचा भुर्दंड कोणाच्या माथी पडणार?

मार्च २००६ च्या अखेरीस जपानमध्ये तोशिबाच्या पुढाकाराने 'एचडी डीव्हीडी' आली, तर जूनमध्ये अमेरिकेत सोनी आणि तिच्या मित्रकंपन्यांची 'ब्ल्यू-रे'. तबकड्या दोन, पण कुलूप एकच. त्याच वर्षी नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, 'मस्लिक्स६४' असे टोपणनाव घेतलेल्या एका व्यक्तीने एचडी डीव्हीडीची प्रत काढणारी आज्ञावली जाहीर केली. तिने कूटलेखन फोडले नव्हते. संगणकावर चित्रपट चालू असताना प्लेअर आज्ञावलीला किल्ली क्षणभर का होईना संगणकाच्या स्मृतीत उघडी करावीच लागते. तेथून ती उचलली गेली, इतकेच. कपाटामागचा खिळा सापडला होता.

या व्यक्तीने त्यामागचे जे कारण सांगितले, ते या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलके आहे. तिने तबकडी रीतसर विकत घेतली होती, ती चालविण्याचे यंत्रही घेतले होते. पण चित्र दिसेना, कारण तिच्या मॉनिटरमध्ये 'एचडीसीपी' ही वेगळी सुरक्षा नव्हती. प्लेअरपासून पडद्यापर्यंतच्या तारेतून जाणारे चित्रही कूटबद्ध असले पाहिजे, असा हा नियम होता आणि तेव्हाचे अनेक चांगले मॉनिटर त्यात बसत नव्हते. आपण चाचे नसून वैतागलेले ग्राहक आहोत, असे तिचे म्हणणे होते. ते शब्दशः खरे मानावे की नाही, हा भाग वेगळा. पण कुलपाचा पहिला फटका पैसे मोजणाऱ्यालाच बसला होता, हे तर नाकारता येत नाही.

मस्लिक्सच्या युक्तीने एकेका चित्रपटाची किल्ली वेगवेगळी काढावी लागे. फेब्रुवारी २००७ मध्ये 'अर्नेझामी' या टोपणनावाच्या दुसऱ्या व्यक्तीने याच्या पुढची पायरी गाठली. प्लेअर तबकडीवरील कोष्टक सोडवीत असताना संगणकाच्या स्मृतीवर नजर ठेवून तिने मधली, 'प्रोसेसिंग की' म्हटली जाणारी किल्ली हस्तगत केली. ही किल्ली तोवर निघालेल्या प्रत्येक तबकडीला लागू पडत होती, मग ती एचडी डीव्हीडी असो वा ब्ल्यू-रे. त्यामागचे कारण मोठे मजेचे आहे. तोवर एकही प्लेअर रद्द झालेला नव्हता, म्हणून वंशवृक्षात कोणालाच वगळायचे नव्हते. आणि कोणाला वगळायचे नसेल, तर साऱ्या कुळाला एकच दार पुरते. हजारो शाखांसाठी आखलेल्या वाड्याला प्रत्यक्षात एकच दरवाजा होता. प्रत्येक तबकडीला असलेला जो स्वतंत्र ओळखक्रमांक किल्लीच्या जोडीला लागतो, तोही फारसा दुर्लभ ठरला नाही. 'किंग काँग'च्या तबकडीवरील क्रमांक तर तारीख आणि वेळ सरळ ओळीने मांडलेला निघाला.

आता रद्द करण्याच्या यंत्रणेची कसोटी होती. एप्रिल २००७ मध्ये एएसीएस संस्थेने फुटलेल्या संगणकीय प्लेअरच्या किल्ल्या बाद केल्या. 'विनडीव्हीडी'च्या ग्राहकांना सुधारित आवृत्ती उतरवून घ्या, नाहीतर हाय-डेफिनिशन चित्रपट दिसणे बंद होईल, असे कळविण्यात आले. त्याच महिन्यात आकडा छापणाऱ्या संकेतस्थळांना नोटिसा गेल्या आणि त्यातूनच १ मेचा तो उठाव झाला. नोटिसांपूर्वी ही किल्ली मूठभर जाणकारांपुरती होती. नोटिसांनी ती घरोघर पोहोचवली. नवे कोष्टक असलेल्या तबकड्या २२ मे रोजी दुकानांत येणार होत्या. त्याआधी पाच दिवस, १७ मे रोजीच, 'मेट्रिक्स' चित्रत्रयीच्या आगाऊ प्रतीवरून नवे कुलूपही उघडल्याची बातमी आली. नवी किल्ली त्याच आठवड्यात सर्वत्र पसरली.

यानंतर याच खेळाच्या फेऱ्या होत राहिल्या. कोष्टकाची नवी आवृत्ती यायची, काही दिवसांत वा आठवड्यांत तिची किल्ली निघायची. रचनाकारांचे गणित चुकले नव्हते; रद्द करण्याची सोय ठरल्याप्रमाणेच चालत होती. पण ती ज्यांच्यासाठी योजली, ते दर खेपेस नवी किल्ली घेऊन पुढे निघून जात आणि मागे उरलेल्या सामान्य ग्राहकाला मात्र आपला प्लेअर इंटरनेटला जोडून, नाहीतर तबकडीवर उतरवून घेऊन, नवे फर्मवेअर बसवीत राहावे लागे. निर्मात्या कंपनीने फर्मवेअर देणे थांबविले, की यंत्र ठणठणीत असूनही नवा चित्रपट चालत नाही. कॅसेट किंवा ग्रामोफोन यांच्या बाबतीत असला प्रकार कोणी ऐकला नव्हता.

ब्ल्यू-रे गोटाकडे आणखी एक अस्त्र होते, 'बीडी-प्लस'. यात प्रत्येक तबकडी आपल्यासोबत एक छोटी आज्ञावलीच घेऊन येते. ती प्लेअरची झडती घेते आणि तो अस्सल वाटला तरच बिघडवून ठेवलेले चित्र नीट करून देते. ट्वेन्टीएथ सेंच्युरी फॉक्स ही कंपनी या पद्धतीची मोठी पुरस्कर्ती होती. जुलै २००७ मध्ये एका अमेरिकी विश्लेषकाने ही पद्धत दहा वर्षे तरी फुटणार नाही, असे भाकीत केले. मार्च २००८ मध्ये अँटिग्वा बेटावरून चालणाऱ्या 'स्लायसॉफ्ट' कंपनीने ती काढून टाकणारी आज्ञावली विक्रीस आणली. दहा वर्षांच्या जागी आठ महिने! दरम्यान बीडी-प्लस असलेल्या पहिल्या काही तबकड्या रीतसर विकत घेतलेल्या काही प्लेअरवर चालेनात आणि त्यासाठी फर्मवेअर बदलावे लागले. तबकड्यांमधील युद्ध मात्र तोवर संपले होते. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नरने ब्ल्यू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळली.

तारेवरील पहारा, म्हणजे एचडीसीपी, याचीही गत वेगळी झाली नाही. ४० उपकरणांच्या किल्ल्या हाती आल्या, तर साऱ्या पद्धतीची मूळ किल्ली काढता येईल, असा इशारा संशोधकांनी २००१ सालीच दिला होता. सप्टेंबर २०१० मध्ये ती मूळ किल्ली इंटरनेटवर अवतरली आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. दुसरीकडे, जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग जोडणीतून कोणी चित्र उतरवून घेऊ नये, म्हणून २०१० नंतर बनणाऱ्या प्लेअरमध्ये तिचा दर्जा मुद्दाम उतरविण्यात आला आणि २०१३ नंतरच्या यंत्रांतून ती पार हद्दपार झाली. जुने पण उत्तम चित्र देणारे टीव्ही बाळगणाऱ्यांचा यात दोष काय होता, हे कोणी सांगितले नाही.

सर्वच उपाय फसले असे नव्हे. 'सिनाव्हिया' ही खूण चित्रपटाच्या आवाजातच, कानाला जाणवणार नाही अशा बेताने विणलेली असते. चित्रपटगृहात कॅमेरा लपवून केलेल्या ध्वनिमुद्रणातही ती टिकते आणि २०१२ पासून परवाना घेणाऱ्या ब्ल्यू-रे प्लेअरना ती ओळखणे बंधनकारक झाले. अशी प्रत लावली, तर काही वेळाने आवाज बंद होतो किंवा चित्रपटच थांबतो. संगणकावरील साध्या प्लेअरला मात्र ही खूण दिसत नाही. याहून उपयोगी ठरावी अशी गोष्ट म्हणजे 'रॉम-मार्क', तबकडी छापतानाच तिच्यात उमटविली जाणारी एक सूक्ष्म खूण. व्यापारी पातळीवरील चाचा कारखान्यात तबकडी कुलपासकट जशीच्या तशी छापतो. त्याला कुलूप उघडण्याची गरजच नसते. डीव्हीडीचे सीएसएस त्याला कधीच अडवू शकत नव्हते. रॉम-मार्क उमटविणारे यंत्र परवानाधारक कारखान्यांकडेच असल्याने ब्ल्यू-रेच्या बाबतीत ही वाट बिकट झाली. प्रेक्षकाला ज्याचा काडीचाही त्रास नाही, असा या साऱ्या यादीतला बहुधा हा एकच उपाय.

कुलपाला खरा आधार तंत्राचा नव्हे, तर कायद्याचा राहिला. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने असे कुलूप उघडणे आणि त्यासाठीची साधने विकणे, दोन्ही निषिद्ध ठरविले. नक्कल स्वतःच्या वापरासाठी होती, एवढे म्हणून सुटका होत नाही. भारताने २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीत ६५अ हे कलम घातले, पण त्यात तारतम्य राखले. येथे कॉपीराइट हक्काचे उल्लंघन करण्याच्या हेतूने कुलूप उघडले, तरच गुन्हा होतो. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे. कायद्याने मुभा दिलेल्या कामासाठी ते उघडणाऱ्याला हे कलम लागू होत नाही.

आपल्याकडच्या बाजाराला हे कुलूप तसे परकेच होते. भारतातील चाचेगिरी बराच काळ व्हीसीडीवर पोसली गेली आणि व्हीसीडीला कुलूपच नसते. महाराष्ट्राने २००९ साली झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ चाच्यांचाही समावेश केला, तर 'मोझर बेअर' कंपनीने त्याच सुमारास निराळाच मार्ग धरला. चित्रपटांची अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायची, म्हणजे पदपथावरच्या नकलेशी थेट किमतीतच सामना. त्या दरात मराठी, हिंदी चित्रपट घेऊन घरी छोटासा संग्रह उभारलेली कुटुंबे मुंबई-पुण्यात कमी नसतील. ही कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला.

ब्ल्यू-रेची ४के आवृत्ती २०१६ मध्ये आली, ती एएसीएसची दुसरी, अधिक कडक पिढी घेऊन. संगणकाच्या स्मृतीतून किल्ली पळविण्याचा २००६ चा धडा तिने पक्का गिरवला होता. संगणकावर ही तबकडी पाहायची, तर इंटेलच्या प्रोसेसरमध्ये 'एसजीएक्स' नावाची, खुद्द संगणकाच्या मालकालाही आत डोकावता येणार नाही अशी बंद कोठडी असणे सक्तीचे करण्यात आले. पण त्या कोठडीतही संशोधकांना फटी सापडत गेल्या. इंटेलने अकराव्या आणि बाराव्या पिढीच्या घरगुती प्रोसेसरमधून ती सोय काढूनच टाकली. परिणामी नवा, अधिक वेगवान संगणक घेणाऱ्याची रीतसर विकत आणलेली ४के तबकडी त्यावर अधिकृतपणे चालत नाही. तिच्यातून कुलूप काढलेली प्रत मात्र कोणत्याही संगणकावर चालते. यावर अधिकृत प्लेअर बनविणाऱ्या सायबरलिंक कंपनीने आपल्या ग्राहकांना सल्ला दिला तो असा, की सातव्या ते दहाव्या पिढीचा जुना प्रोसेसर असेल, तर तोच वापरत राहावा.